कंडक्टरकाकांची डबल बेल

पहिल्याच दिवशी त्यांनी मला उपाशी यायला सांगितलं. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस जे जे करतो ते सगळं मी केलं होतं. इस्त्रीची साडी नेसले, देवापुढे हात जोडले, दहा मिनिटं आधी पोचले. पण निघताना दोन पोळ्याही खाल्ल्या होत्या, आणि तिथंच घोटाळा झाला. दिग्रसच्या एका गल्लीत, एका घराच्या फाटकापाशी हे गृहस्थ उभे होते. अंगात खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची जुनी पिशवी आणि पाय असे फाकवलेले, की खालचा रस्ता आत्ता हलणार आहे असं वाटावं. मला पाहून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "जेवून आली काय, माय?"

मी म्हटलं, "हो."

"मंग आजचा दिवस वाया गेला. घरी जाय. उद्या उपाशी ये."

मला वाटलं, याचं डोकं फिरलेलं दिसतं. यवतमाळला तीन महिन्यांचा कोर्स करून मी आले होते. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, घास कसा भरवायचा, सगळं वहीत लिहून घेतलेलं होतं. उपाशी जायचं, असं त्या वहीत कुठंच नव्हतं.

हे काका तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्या सिस्टरबाईंकडे आले. सिस्टरबाई म्हणजे नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स. आपल्या घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल टाकून त्या हे काम चालवायच्या. ज्यांची मुलं बाहेरगावी, किंवा घरात असून कामात, अशा म्हाताऱ्या माणसांकडे आम्हा सात-आठ जणांना पाठवायच्या. काकांना त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला या कामाचा काय अनुभव? काका म्हणाले होते, "तीस वर्षं म्हातारे माणसं चढोले अन् उतरोले. आता गाडी नाई, एवढाच फरक."

दुसऱ्या दिवशी मी उपाशी गेले. घरात पंच्याहत्तरीच्या एक काकू होत्या. हातपाय धड, नजर धड, बोलणंही धड. पण सिस्टरबाईंच्या छापील फॉर्मवर लिहिलं होतं, 'जेवत नाही. भरवावे लागते.' काका मला दारातच हळू आवाजात म्हणाले (त्यांचा हळू आवाज म्हणजे आपला साधा आवाज, कारण जन्म इंजिनावर ओरडण्यात गेलेला), "ह्या बाईनं उभा जलम वीस-वीस माणसाचा सैपाक केला. आता एकटीसाठी भाकर टाकाची म्हटलं तर तिचा हात उचलत नाई. तिले भरोणारी नाई पायजे, तिच्या हातचं खाणारी पायजे. समजलं? जाय, अन् भूक लागली म्हण."

साडेदहापर्यंत मला ते म्हणायची गरजच उरली नाही, पोट आपोआप बोललं. काकूंनी माझ्याकडे एकदा रागानं पाहिलं, मग उठल्या. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर कच्चा कांदा. मी दोन खाल्ल्या, त्यांनी समोर बसून दीड. भरवायचा प्रश्नच आला नाही. तीन महिन्यांत माझी सगळी ब्लाउजं घट्ट झाली आणि काकूंच्या फॉर्मवर सिस्टरबाईंना तो रकाना खोडावा लागला.

त्या फॉर्मवर काकांचा फार राग. 'चालता येते / येत नाही', 'आंघोळ स्वतः / मदतीने', 'स्वभाव'. खाली प्रत्येकासमोर एवढीशी जागा. काका म्हणायचे, माणूस काय एवढ्याशा डब्यात मावते काय? ते फॉर्म उलटा करत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहीत. 'चहा बशीतच पितात.' 'उजव्या कानाकडून बोलावं.' 'बायकोचं नाव निघालं की रडतात, रडू द्यावं.' सिस्टरबाई म्हणायच्या, कंडक्टर, तुमची पाठची बाजू कोण वाचणार? काका म्हणायचे, थ्या घरी जाणाऱ्यानं वाचाची.

नव्या घरी गेले की म्हाताऱ्या माणसासमोर स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, "बोला. तिकीट कुठपर्यंत?" म्हणजे मदत कुठपर्यंत पाहिजे. कुणाला न्हाणीच्या दारापर्यंत हात हवा असतो, आत नको. कुणाला आतही हवा, पण पाठीपुरताच. कुणाला काहीच नको, फक्त दाराबाहेर कुणीतरी खोकत बसलेलं पाहिजे. हे सगळं ते तिकिटात बसवायचे. एका घरी मात्र पंचाईत झाली. सुनेनं आतून ऐकलं आणि लाटणं घेऊनच बाहेर आली.

"सकाई सकाई माह्या सासऱ्याचं तिकीट काढाले आले काय तुम्ही? काही लाज?"

काका समजावतात, ती ऐकेना. शेजारचे दोघे फाटकाशी जमले. शेवटी खाटेवरचे सासरेच इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "राहू दे वं. संडासपर्यंतचं काढा, कंडक्टर. थितून पुढं मी एकटा जातो." तेव्हा कुठं सून आत गेली.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे डबल बेल. कापसाच्या जिनिंग कारखान्यातले एक जुने फिटर होते, लकव्यानं वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी. दोन मुलगे त्यांना सांभाळायचे, जीव लावून सांभाळायचे, पण उचलायचे ते पोतं उचलावं तसे. आजोबा प्रत्येक वेळी मोठ्यानं विव्हळायचे आणि मुलांना वाटायचं, हाडं दुखतात. काकांनी पहिल्या दिवशी लोखंडी पलंगाच्या कडेवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. टक, टक. मग हात मागे घेऊन नुसते उभे राहिले. आजोबा पाहत राहिले. मुलं पाहत राहिली. बऱ्याच वेळानं आजोबांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि पलंगावर दोनदा ठोकलं. मग काकांनी त्यांना उठवलं आणि आजोबा विव्हळले नाहीत.

"घंटी न देता गाडी हालवली तर उभा पॅशिंजर पडणारच," काका मुलांना म्हणाले. "त्याहिले दुखत नोतं. त्याहिले भेव लागत होतं."

दोन ठोके म्हणजे चला, एक ठोका म्हणजे थांबा. आजोबांना हे इतकं आवडलं की पुढं पुढं मोठा मुलगा फार बोलायला लागला की ते एकच ठोका द्यायचे, आणि तो बिचारा गप्प बसायचा.

आता कुणाला वाटेल की मी देवमाणसाचं चित्र काढते आहे. तसं नाही. काका हट्टी होते, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत, आणि आपलं ते खरं करण्यासाठी कुणाशीही भांडत. एकदा तर सपशेल चुकले. एक निवृत्त हेडमास्तर होते, हात थरथरायचे. मुलगी त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. काकांनी तिला हटकलं, सर स्वतः लावतील, वेळ लागू दे. सर पंधरा मिनिटं झगडले. शेवटी कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "हे बघा, माझ्या हातात दिवसभरात जेवढा जोर आहे, तो मला एक पान लिहायला लागतो. तो बटणांत घालवू का?" काकांनी उठून सगळी बटणं स्वतः लावून दिली, अगदी कॉलरचंसुद्धा. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चुकलं माहं. मीच त्याहिचं तिकीट ठरोलं, न इचारता." दोन दिवस ते स्वतःवर चिडलेले होते, आणि त्या दोन दिवसांत आम्हा सगळ्यांना त्याचा ताप झाला.

पण माझी चूक त्याहून मोठी होती, आणि ती सांगितल्याशिवाय काकांचं चित्र पुरं होणार नाही.

पुसद रस्त्याला नवीन वस्तीत एक टुमदार घर होतं. तिथं एक बंजारा आजी एकट्या राहायच्या. तांडा सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. एकुलता मुलगा पुण्याला इंजिनीयर, घर त्यानंच बांधलेलं. आजी पूर्वी शेजारणींशी छान मराठीत बोलायच्या म्हणे. मग मेंदूला झटका आला. हातपाय महिन्याभरात सुधारले, पण बोलणं गेलं. मुलगा रोज फोन करायचा, "आई, कशी आहेस? जेवलीस का?" आणि आजी फोनकडे पाहत राहायच्या, मग तोंड फिरवायच्या. रात्री शेजारची एक बाई सोबतीला यायची, दिवसा मी.

माझ्याशी मात्र आजी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे काय, मला येडी म्हणायच्या. आंघोळीला नेलं की सुरू. "येडी! येडी!" डोक्यावरची ओढणी काढायला गेलं की माझ्या हातावर फटके. पाणी ओतलं की किंकाळी आणि पुन्हा, "ये येडी!" मी दहावी पास, कोर्स केलेली, घरी दोन लेकरं आणि सासू सांभाळून सकाळी सातला इथं हजर होणारी बाई. आणि ही मला दिवसातून वीसदा येडी म्हणते! एक दिवस माझाही तोल गेला. साबण खाली आपटून मी म्हटलं, "येडी तू! तूच येडी!"

आजी एकदम शांत झाल्या. माझ्याकडे पाहून हसल्या. ओल्या हातानं माझा हात ओढून घेतला आणि आपल्या गालाला लावला.

मला वाटलं, आता मात्र खात्रीच पटली. शिवी दिली तर हसते, म्हणजे डोकं पार गेलेलं आहे. संध्याकाळी फॉर्मवर 'स्वभाव' या रकान्यात मी लिहिलं, 'चिडकी. शिवीगाळ करते. येडी म्हणते. हात उचलते.' जागा पुरली नाही म्हणून अक्षर बारीक केलं.

सिस्टरबाईंनी तो फॉर्म नियमाप्रमाणे मुलाला पाठवला. चार दिवसांनी मुलाचा मला फोन आला. आवाजात ओशाळलेपण होतं. म्हणाला, "ताई, तुम्हाला फार त्रास झाला, माफ करा. माझी आई अशी नव्हती हो. आता तिचं डोकंच ठिकाणावर नाही, तर घरी ठेवून काय उपयोग? इकडे एक जागा बघितली आहे. असे पेशंट तिथं सांभाळतात. दार बाहेरून बंद असतं, त्यामुळे काळजी नाही. मी रविवारी गाडी घेऊन येतो." खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. आजींचं सामान बांधायला मी त्याच दुपारी घेतलं.

गुरुवारी काका तिथं आजींना आता न लागणारा वॉकर न्यायला आले. दुसऱ्या कुणासाठी तो हवा होता. मी आजींना आंघोळ घालत होते, म्हणून ते पुढच्या ओट्यावर बसून राहिले. न्हाणीची खिडकी त्याच बाजूला होती. आमचा रोजचा कार्यक्रम झाला, फटके, पाणी, किंकाळी. आजींना कपडे घालून पलंगावर बसवून मी बाहेर आले, तर काका उभे होते आणि तोंड उतरलेलं.

"थे कोनाले हाका मारून राह्यली?"

"हाका कायच्या, काका! शिव्या देते मले. येडी म्हणते. रोजचंच हाय."

"काय म्हणते? परत सांग."

"येडी."

काकांनी खांद्यावरची पिशवी काढून ओट्यावर ठेवली. ती त्यांनी खांद्यावरून काढलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"माय, थे येडी नाई म्हणून राह्यली. थे याडी म्हणून राह्यली. बंजाऱ्याच्या बोलीत याडी म्हणजे माय. मी तुले उठता-बसता माय म्हणतो का नाई? तसं. मागून डोक्शावर पानी पडलं, भेव लागलं, तर म्हातारी मायले हाका मारून राह्यली. तू जोळ होती, तर तुलेच माय म्हणून राह्यली."

मी तिथंच खाली बसले. येडी तू, असं मी रागानं ओरडले होते तेव्हा आजींनी माझा हात गालाला का लावला, ते मला त्या क्षणी कळलं. मी त्यांना आई म्हटलं होतं. त्या घरात कितीतरी दिवसांनी त्यांच्या बोलीतला एक शब्द कुणीतरी बोललं होतं, आणि तो शिवी म्हणून बोललं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"पण शेजारच्या बाया तर म्हणते का त्याहिले मराठी येत होती," मी कसंबसं म्हटलं.

"येत असन. मागून शिकलेली मागच्या शीटवर बसते. झटका बसला, मागची शीट रिकामी झाली. पयले शिकलेलं पुढं राह्यलं." पिशवी पुन्हा खांद्याला लावून काका आत निघाले. "दिग्रस-पुसद वर्षानुवर्षं केलं मी. निम्मे तांड्यातले माणसं. थोडीक बोली मले येते."

थोडीक म्हणजे किती, ते आत गेल्यावर कळलं. काकांची बंजारी सगळी बसमधली होती. पुढे सरका, गठुडं खाली ठेवा, पोराला मांडीवर घ्या, आणि कुठं उतरायचं? एवढीच. ते आजींसमोर स्टुलावर बसले आणि जे येत होतं तेच गंभीरपणे विचारलं, बाई, कुठं उतरायचं?

आजींनी मान वर केली. काकांच्या खाकी शर्टाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग खुदकन हसल्या आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात एका तांड्याचं नाव सांगितलं. काका मला म्हणाले, "तिचं माहेर असन." डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईला आपण कुठं उतरायचं ते नेमकं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून आंघोळ बदलली. ओढणी शेवटपर्यंत डोक्यावर, आणि पाण्याचा लोटा आजींच्याच हातात. मी फक्त बादली जवळ सरकवायची आणि लोटा उचलण्याआधी बादलीवर दोनदा ठोकायचं. किंकाळी नाही, फटके नाहीत. इतकं सोपं होतं ते.

पण त्याआधी, गुरुवारीच, काकांनी मला फोन लावायला लावला.

"तुम्हीच सांगा ना, काका. तुमाले बोलता येते चांगलं."

"फॉर्मवर कोनं लिहिलं?"

"मीनं."

"मंग?"

नोकरी जाईल, ही भीती होतीच. त्याहून जास्त भीती त्या माणसाच्या ओशाळलेल्या आवाजाची होती. मी फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. साहेब, मी चुकले. तुमची आई शिव्या देत नाही. ती याडी म्हणते, मी येडी ऐकलं. तिचं डोकं ठीक आहे, मलाच तिची बोली येत नव्हती. मुलगा म्हणाला, "आईला फोन द्या." मी स्पीकर लावून फोन आजींच्या कानाशी धरला.

"आई, कशी आहेस?"

आजींनी नेहमीसारखं तोंड फिरवलं.

काकांना राहवलं नाही. पुढं वाकून ते फोनमध्ये ओरडले, "साहेब, मराठीत नोका बोलू! मायशी मायच्या बोलीत बोला!"

पलीकडून हळूच आवाज आला, "मला येत नाही हो आता."

मग मुलगा म्हणाला, "मी रविवारी येतोच आहे. तेव्हा बघू." म्हणजे गाडीचं ठरलेलं होतं ते ठरलेलंच होतं. बांधलेलं सामान मी सोडलं नाही. पण शुक्रवारी आणि शनिवारी कोपऱ्यावर भाजी विकायला बसणाऱ्या बंजारा बाईजवळ बसले आणि एका कागदावर बंजारी शब्द उतरवून घेतले, समोर मराठी. पुण्याच्या त्या जागी गेल्यावर निदान कुणी वाचलं तर वाचेल, असं मनात होतं.

रविवारी काका आले नाहीत. मी आदल्या दिवशी हातापाया पडले, तरी नाही. म्हणाले, "मी आलो तर मीच बोलत बशीन. माहं तोंड मले माहीत हाय. थितं त्याचं तोंड उघडाले पायजे."

मुलगा सकाळी आला, एकटाच. मोठी गाडी दारात उभी केली. आईच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला आणि आजी भिंतीकडे पाहत बसल्या. मी सामानाचं गाठोडं दाराशी ठेवलं आणि तो कागद त्याच्या हातात दिला. तिकडच्या लोकांना द्या, म्हटलं. तो वाचायला लागला. वाचता वाचता त्याचे ओठ हलायला लागले.

"हे सगळं मला यायचं," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही. "पुसदला होस्टेलात होतो. आई डबा घेऊन भेटायला यायची. मोठ्यानं बोलायची, पोरं हसायची. मी एकदा तिला म्हटलं, इथं मराठीत बोलता येत नसेल तर येत जाऊ नकोस. पुढच्या महिन्यात आली ती मराठी शिकून आली. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बंजारीत बोलली नाही. मीच सांगितलं होतं ना."

मी दाराशीच उभी राहिले.

त्यानं कागद खाली ठेवला. आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चाचरत म्हणाला, "याडी."

आजींनी मान वळवली.

"याडी, बाटी खादो?" म्हणजे आई, जेवलीस का? रोज फोनवर तो हेच विचारायचा, फक्त आजवर मराठीत.

आजींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "खादी."

"हां, खादो."

"खादी." आवाज चढला होता.

तो गोंधळला. कागदाकडे पाहिलं. "खादो... खादी?"

"खादी!" आजी म्हणाल्या, आणि त्याच्या हातावर एक फटका दिला. खादो पुरुषाला म्हणतात, बाईला खादी. आईशी तो पुरुषाशी बोलावं तसं बोलला होता, आणि ते त्यांना चालणार नव्हतं. मग त्यानं तिसऱ्यांदा नीट म्हटलं. "याडी, बाटी खादी?" आजींनी समाधानानं मान हलवली. नंतर त्या जे बोलायला लागल्या ते मला कळेना आणि त्यालाही निम्मं कळेना. तो मधेच हसायचा आणि मधेच डोळे पुसायचा. दुपारी दोघं एका ताटात जेवली. चारच्या सुमारास गाडी गेली ती रिकामीच गेली. जाताना मुलगा दाराशी थांबून एवढंच म्हणाला, "ताई, तिला इथंच राहू द्या. तिथं तिच्याशी कोण बोलणार? मला तर अजून चार शब्द नीट येत नाहीत." मी गाठोडं सोडून कपडे पुन्हा कपाटात लावले.

संध्याकाळी मी थेट काकांच्या घरी गेले. ते अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा सांगायला लावलं.

"किती खेपा सुधारलं म्हणते?"

"तीनदा."

"अन् हातावर मारलं?"

"हो."

"जोरात?"

"चांगलं जोरात."

काका पायरीवर बसले आणि रडायला लागले. तोंड झाकलं नाही, आवाज दाबला नाही, आपल्या त्या इंजिनावरच्या आवाजातच रडले. त्यांना तसं पाहून मलाही आवरेना. मी त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघं भर संध्याकाळी अंगणात बसून रडत राहिलो. आतून काकी धावत बाहेर आल्या, हात पिठानं भरलेले.

"कोन गेलं? काय झालं वं? सांगा ना, कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं," काका शर्टाच्या बाहीनं नाक पुसत म्हणाले. "म्हातारीनं पोराले मारलं."